मशीहाबद्दलच्या गैरसमजांवरचा ८ आठवड्यांचा ऑनलाइन बायबल कोर्स, पूर्ण करून लिहितेय

कोर्स संपून तीन आठवडे झाले, डोकं जरा शांत झालंय, म्हणून आता लिहायला बसले. कोर्सचं नाव लिहीत नाहीये, कारण काही गोष्टी मला फार खटकल्या आणि त्या सुधारतो असं त्यांनी कबूल केलंय, मग नाव घेऊन बदनामी कशाला. पण असा एखादा कोर्स करायचा कुणाच्या मनात असेल तर त्यात काय शोधायचं आणि कुठे सावध राहायचं एवढं यातून नक्की कळेल. स्वरूप साधं आहे, दर आठवड्याला ४०-४५ मिनिटांचा एक व्हिडिओ, त्याच्यासोबत पीडीएफ वर्कबुक, आणि शनिवारी दीड तास लाइव्ह चर्चा. आमच्या बॅचमध्ये २२ जण होते, शेवटपर्यंत १७ टिकले.

मी हा कोर्स का घेतला ते आधी सांगते. मी १२ वर्षं संडे स्कूलला शिकवते. मागच्या वर्षी वर्गातल्या आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, टीचर, मग येशूच्या बाबांचं नाव योसेफ ख्रिस्त होतं का? बाकीची मुलं हसली, मी तिला म्हटलं नाही गं, ख्रिस्त हे आडनाव नाही, ती पदवी आहे. तिचा लगेच पुढचा प्रश्न, कसली पदवी? मी म्हटलं, तारणारा. आणि घरी येता येता लक्षात आलं की मी तिला चुकीचं सांगून आले. तारण हा अर्थ तर येशू या नावातच आहे, यहोशवा या जुन्या नावाचंच ते रूप, परमेश्वर तारतो असा त्याचा अर्थ. ख्रिस्त शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि जन्मापासून मंडळीत वाढलेल्या, रोज शंभर वेळा तो शब्द उच्चारणाऱ्या मला तो एका लहान मुलीला धड सांगता आला नाही. ती गोष्ट मनाला खूप लागली, आणि पुढच्याच महिन्यात मी नाव नोंदवलं.

पहिला व्हिडिओ नेमका यावरच आहे आणि तो फार सुंदर झालाय. मशीहा हा मूळ हिब्रू शब्द, ख्रिस्तोस हे त्याचं ग्रीक भाषांतर, दोन्हीचा अर्थ एकच, अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतलंय तो. शिकवणाऱ्या सरांसमोर टेबलावर जैतुनाच्या तेलाची बाटली आणि एक पोकळ शिंग होतं. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात या तेलाची कृती दिलीय, गंधरस ५०० शेकेल (शेकेल हे जुनं वजन), दालचिनी २५०, तज ५००, आणखी एक सुगंधी द्रव्य आणि वर जैतुनाचं तेल, आणि तिथेच बजावलंय की असं तेल दुसऱ्या कुठल्याही कामासाठी बनवायचं नाही. म्हणून सर म्हणाले, मी मसाले घालत नाही, नुसतं तेल घेतोय. मग ते खुर्चीत वाकून बसले आणि त्यांच्या मदतनीसाने शिंग भरून तेल त्यांच्या डोक्यावर उपडं केलं. ते कानामागून उतरलं, दाढीतून हनुवटीवर आलं, शर्टाची कॉलर काळपट पडली, आणि सर तसेच बसून स्तोत्र १३३ वाचायला लागले, अहरोनाच्या, म्हणजे पहिल्या मुख्य याजकाच्या, दाढीवरून त्याच्या वस्त्राच्या गळपट्टीवर उतरणाऱ्या तेलाचं. ते स्तोत्र मला तोंडपाठ आहे, पण तेल एवढं ओततात हे कधी डोळ्यांपुढे आलंच नव्हतं, माझ्या मनात कायम बोट बुडवून कपाळाला लावतात असंच चित्र होतं.

आणि या तेलावरूनच ते पहिल्या गैरसमजाकडे येतात, की मशीहा या शब्दाचा अर्थच देव. तसा तो नाहीये. जुन्या करारात राजे अभिषिक्त, याजक अभिषिक्त, एलीया संदेष्ट्याला सांगितलं की अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक कर. शौल राजा एवढा वाईट वागला तरी गुहेत हातात सापडलेला असताना दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त आहे. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर पारसाचा राजा कोरेश, जो इस्राएलाच्या देवाला ओळखतही नाही, त्यालाही हाच शब्द लावलाय. म्हणजे येशू देव आहे हा आपला विश्वास मशीहा या एका शब्दावर उभा नाही, तो दुसरीकडून येतो, आणि हे नीट कळलं नाही की समोरच्याने एक प्रश्न विचारला तरी माणूस गडबडतो. येशूला ख्रिस्त म्हणणं ही पदवी आहे हे बाहेरच्या माणसालाही ठाऊक होतं त्याचं उदाहरण म्हणून जोसेफस हा ज्यू इतिहासकार दिलाय, पहिल्या शतकाच्या शेवटी तो याकोबाबद्दल लिहिताना, ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ, अशी ओळख करून देतो. पौल या प्रेषिताच्या पत्रांत मात्र तोच शब्द जवळजवळ नावासारखा वापरलेला दिसतो, म्हणजे त्या छोट्या मुलीची चूक फार जुनी आहे आणि अगदी समजण्यासारखी आहे.

दुसऱ्या आठवड्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी स्पष्ट लिहिणार. विषय होता लोक नेमकी कुणाची वाट बघत होते. व्हिडिओतली माहिती उत्तम. सगळे एकाच साच्यातल्या मशीहाची वाट बघत होते असं नव्हतंच, कुणाला दावीदाच्या वंशातला राजा हवा होता जो परक्यांना यरुशलेमेतून हाकलेल, मृत समुद्राजवळ कुमरानला १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या त्यातल्या एकीत तर दोन अभिषिक्तांची वाट पाहिलेली आहे, एक अहरोनाचा म्हणजे याजक आणि एक इस्राएलाचा. योहानाच्या ७व्या अध्यायातली गर्दी बघा, तिथे लोक आपसातच भांडतायत, ख्रिस्त गालीलातून कसा येईल, तो बेथलेहेमातून यायला हवा ना. येशूनंतर शंभर वर्षांनी, इ.स. १३२ ला रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकिवासारख्या मोठ्या माणसाने मशीहा मानलं आणि १३५ मध्ये तो उठाव रक्तात बुडाला. हे सगळं व्हिडिओत इतकं छान समजावलेलं असताना वर्कबुकमध्ये मात्र सरळ वाक्य छापलेलं, ज्यू लोकांना आपला मशीहा ओळखता आला नाही.

मी शनिवारी चर्चेत हात वर केला. येशूचा शिष्य पेत्र कोण होता? त्याची आई मरिया कोण होती? ज्यांनी ओळखलं तेही सगळे ज्यूच होते ना, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांची कारणं तुम्हीच व्हिडिओत दिलीत, की युद्ध थांबली नाहीत, राज्य आलं नाही, मग तो मशीहा कसा, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला आंधळेपणा म्हणून मोकळं होता येत नाही. अशा वाक्यांमुळे ज्यू लोकांवर शतकानुशतकं काय काय अत्याचार झाले हे माहीत असताना वर्कबुकमध्ये असं वाक्य यायलाच नको होतं. सरांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पण त्या आठवड्यात बदललेली पीडीएफ काही आली नाही, ती आली कोर्स संपल्यावर.

तिसऱ्या आठवड्यासाठी मी हा कोर्स कुणालाही करायला सांगेन. फक्त मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, ८वा अध्याय, बाकी काही नाही. फिलिप्पाच्या कैसरीयाकडे जाताना वाटेत येशू विचारतो, लोक मला कोण म्हणतात, आणि उत्तरं येतात, बाप्तिस्मा करणारा योहान, एलीया, संदेष्ट्यांपैकी कुणीतरी. मग तो विचारतो, आणि तुम्ही? पेत्र म्हणतो, तुम्ही ख्रिस्त आहात. आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून हा उतारा इथेच थांबवलेला असतो, पेत्राला पूर्ण गुण देऊन. पण मार्कमध्ये येशू लगेच ताकीद देतो की कुणाला सांगू नका, मग सांगायला लागतो की मनुष्याच्या पुत्राने, म्हणजे त्याने स्वतः, दुःख सोसावं, मारलं जावं, आणि पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, आणि काही ओळींपूर्वी बरोबर उत्तर देणाऱ्या त्याच पेत्राला येशू सैतान म्हणतो. शब्द बरोबर होता, पेत्राच्या मनातला त्या शब्दाचा अर्थ चुकीचा होता.

सरांनी मग आम्हाला चार-पाच ओळी मागे नेलं, बेथसैदाच्या आंधळ्यापाशी. येशू त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का, आणि तो माणूस म्हणतो, माणसं दिसतायत पण झाडांसारखी, चालणारी झाडं. मग येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसतं. दोन टप्प्यांत बरं केल्याचा हा एकच चमत्कार शुभवर्तमानांत आहे आणि मार्कने तो नेमका पेत्राच्या कबुलीच्या आधी ठेवलाय. व्हिडिओ इथे थांबवला होता, पडद्यावर फक्त एक अस्पष्ट फोटो, हिरवट उभ्या रेघा, झाडं आहेत की माणसं कळत नाही, आणि तो तसाच अर्धा मिनिट ठेवला, मागे काही संगीत नाही, बोलणं नाही. मला तिथे रडू आलं. मी ३० वर्षं पेत्रासारखं बरोबर उत्तर देत आलेय, परीक्षेत, प्रार्थनेत, मुलांसमोर, आणि माझ्या मनातला मशीहा मात्र माझी कामं करून देणारा, माझ्या बाजूने लढणारा, माझ्यावर कसलंही दुःख येऊ न देणारा असा होता, आणि वडील आजारी पडून गेले तेव्हा मी त्याच्यावरच रागावले होते की तू असा कसा.

त्या शनिवारच्या चर्चेत एक वयस्कर काका म्हणाले, आमच्या घरात आम्ही उपासना करतो ती भीतीने, नाही केली तर काहीतरी वाईट होईल म्हणून, म्हणजे आमचा मशीहा पण झाडासारखाच दिसतोय म्हणायचा. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. असली चर्चा रेकॉर्डेड कोर्समध्ये मिळत नाही, म्हणून लाइव्ह नसलेला स्वस्तातला पर्याय घेऊ नका असं मी सांगेन.

चौथा आठवडा डोक्याला ताण देणारा आहे पण सोडू नका. आपल्याला वाटतं मनुष्याचा पुत्र म्हणजे येशूचं माणूसपण आणि देवाचा पुत्र म्हणजे त्याचं देवपण. जवळजवळ उलटंच निघतं. दानिएलाच्या ७व्या अध्यायात मनुष्याच्या पुत्रासारखा कुणीतरी आकाशातल्या मेघांसह येतो आणि त्याला कायमचं राज्य मिळतं, म्हणजे ही अगदी स्वर्गातली पदवी झाली, आणि मुख्य याजकाने तू ख्रिस्त आहेस का विचारल्यावर येशू मी आहे म्हणून हाच मेघांचा उतारा सांगतो तेव्हाच तो याजक आपली वस्त्रं फाडतो. देवाचा पुत्र हा शब्द मात्र स्तोत्र २ मध्ये राजासाठी आहे, २ शमुवेल ७ मध्ये दावीदाच्या वंशजासाठी, निर्गममध्ये तर सगळ्या इस्राएलासाठी, आणि तिकडे रोमचा ऑगस्टस आपल्या नाण्यांवर स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेत होता. मार्क जेव्हा रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याच्या तोंडी वधस्तंभाखाली हे शब्द घालतो तेव्हा त्या काळी ऐकणाऱ्याच्या अंगावर काय काटा आला असेल. देवाने लग्न करून मूल जन्माला घातलं असा अर्थ बरेच ख्रिस्ती नसलेले लोक काढतात, आणि तसं कुठल्याच मंडळीने कधी शिकवलेलं नाही हे सरांनी कसलीही चिडचिड न करता दोन मिनिटांत सांगितलं, ते मला आवडलं.

पाचवा आठवडा वधस्तंभाचा, यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक आणि पुनरुत्थानानंतर येशू दोन शिष्यांना भेटला ती अम्माऊसची वाट, त्यातलं बरंचसं मला माहीत होतं. एकच गोष्ट नव्याने पोचली, येशू वधस्तंभावरून एली एली अशी हाक मारतो, माझ्या देवा माझ्या देवा, आणि जवळ उभी असलेली माणसं म्हणतात हा एलीयाला बोलावतोय. अगदी शेवटच्या घटकेलाही त्याचं बोलणं चुकीचंच ऐकलं गेलं.

आता सहावा. इथे कोर्सवाल्यांनी घाई केलीय, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आला कारण विषय सगळ्यात मोठा होता. पहिल्या चार-पाच शतकांत मंडळीने येशूच्या ओळखीवरून जे वाद घातले ते सगळे ४० मिनिटांत. येशूला खरं शरीर नव्हतंच, नुसतं दिसत होतं असं म्हणणारे, बाप्तिस्म्याच्या वेळी देवाने एका चांगल्या माणसाला दत्तक घेतलं असं म्हणणारे, आरियस आणि नेस्तोरियस हे वेगळं मत मांडणारे, मग बिशपांच्या सभा, इफिस ४३१, खाल्सेदोन ४५१, सगळं रेल्वेच्या वेळापत्रकासारखं धडाधड. निदान दोन आठवडे हवे होते याला.

पण त्या घाईतही दोन गोष्टी पक्क्या बसल्या. पहिली निकियाची. इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने सभा बोलावली आणि तिथे मतदान करून येशूला देव ठरवलं, असं मी कितीतरी फॉरवर्डमध्ये वाचलंय आणि खरं सांगते, उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसलेय. मुळात ज्याच्या शिकवणीवरून ही सभा भरली तो आरियससुद्धा येशूला साधा माणूस म्हणत नव्हता, तो म्हणत होता की पुत्र जगाच्या आधीपासून आहे, सगळ्यांहून थोर आहे, पण निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी एक वेळ होती. सभेपुढे प्रश्न होता की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्मितीपैकी एक. आणि येशूला देव मानून भजणं त्याच्याही दोनशे वर्षं आधी चाललेलं होतं, इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी अधिकारी, जो स्वतः ख्रिस्ती लोकांना शिक्षा देत होता, तो बादशहा ट्राजनला पत्रात कळवतो की ही माणसं पहाटे उजाडायच्या आत जमून ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. विरोधकाच्या पत्रातली साक्ष आहे ही. आणि निकियात शिक्कामोर्तब होऊन सगळं शांत झालं असंही नाही, तो वाद पुढे पन्नासेक वर्षं चालला, निकियाची बाजू धरणाऱ्या अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपर्यंत हे धुमसत होतं. बादशहाने एक दिवस ठरवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली असं झालं असतं तर हे झालंच नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या वर्गाशी संबंधित. पाणी, बर्फ आणि वाफ. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, हे समजावायला मी १२ वर्षं हेच उदाहरण देत आलेय, एकच पाणी तीन रूपांत, मुलांना पटकन कळतं, फळ्यावर काढायलाही सोपं. सरांनी सांगितलं की हे उदाहरण म्हणजे तिसऱ्या शतकातल्या साबेलियसची शिकवण आहे, की देव एकच आणि तोच कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, आणि मंडळीने ती नाकारली. मग त्यांनी यार्देन नदीतला बाप्तिस्मा वाचायला लावला. पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून येतेय, तिन्ही एकाच क्षणी, एकमेकांसमोर. तेच पाणी त्याच क्षणी बर्फ आणि वाफ होऊन एकमेकांशी बोलत नाही. आणि साबेलियसचं खरं मानलं तर पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कुणाची करत होता? मला त्या रात्री झोप आली नाही. किती मुलं माझ्या हाताखालून गेली, काही आता कॉलेजात आहेत. त्यातल्या तीन जणांना मी फोन करून सांगितलं की ते उदाहरण मी चुकीचं दिलं होतं. एकाने विचारलं, टीचर, मग बरोबर उदाहरण कोणतं? मी म्हटलं, उदाहरण नको, यार्देनची गोष्ट लक्षात ठेव.

याच आठवड्यात लाइव्ह चर्चेत एक ताई म्हणाल्या, येशूला सगळं माहीतच होतं, तो देवच ना, मग त्याला वधस्तंभाची भीती कशी वाटेल, ते आपल्याला शिकवण्यापुरतं दाखवलं असेल. बऱ्याच जणांनी मान हलवली, आणि हा विश्वासणाऱ्यांच्या घरातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे असं माझं मत झालंय. बाहेरचे म्हणतात तो फक्त माणूस, आणि आपण त्याचं माणूसपण हळूच काढून घेतो, भक्तीपोटीच. तो विहिरीच्या काठावर दमून बसला होता. होडीत उशाला उशी घेऊन झोपला होता, वादळ चालू असताना. त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही असं त्याने स्वतः म्हटलंय. खाल्सेदोनला म्हणूनच दोन्ही स्वभाव धरून ठेवले, मिसळ न करता, बदल न करता, विभागणी न करता, वेगळं न करता. हे चार नकार सरांनी स्लाइडवर पाचच सेकंद दाखवले, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सातव्या आठवड्याबद्दल फार लिहीत नाही, तो कमजोर आहे. येशू म्हणजे फक्त थोर शिक्षक, किंवा फक्त संदेष्टा, असं मानणाऱ्यांबद्दल होता. कुराणात इसाला, म्हणजे येशूला, अल-मसीह म्हटलंय, कुमारीपासूनचा जन्म मान्य आहे, पण देवाचा पुत्र मान्य नाही, एवढं बरोबर सांगितलं आणि पुढे लगेच उत्तर कसं द्यायचं यावर गाडी नेली. ऐकून कसं घ्यायचं यावर एक शब्द नाही. आठवा आठवडा उजळणीचा, आणि त्यात प्रेषितांची कृत्येच्या पहिल्या अध्यायातला तो प्रश्न आहे, की पुनरुत्थानानंतर ४० दिवस येशूसोबत काढूनही शिष्य विचारतात, प्रभू, आत्ता इस्राएलाचं राज्य परत देणार का? मला त्यांचा फार जवळचा आधार वाटला.

तांत्रिक बाजू म्हणाल तर व्हिडिओचा आवाज स्वच्छ, सबटायटल्समध्ये नावं सगळी चुकलेली, ॲप मोबाइलवर मधेच लॉगआउट करतं आणि वर्कबुकमध्ये लिहिलेली उत्तरं जातात, त्यामुळे वहीतच लिहा. माझ्याकडून ५ पैकी ४. विश्वासात नवीन असाल तर आधी मार्कचं शुभवर्तमान एकदा सलग वाचून घ्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यातला अर्धा भाग डोक्यावरून जाईल.

आणि एक कमतरता माझ्या नाही, त्या मुलीच्या लक्षात आली. कोर्स संपल्यावरच्या पहिल्या रविवारी मी वर्गात तेल घेऊन गेले. शिंग मिळालं नाही, वाटीनेच माझ्या हातावर ओतलं, कोपरापर्यंत ओघळू दिलं, आणि अभिषिक्त म्हणजे काय ते सांगितलं. ती आता नऊ वर्षांची झालीय. तिने विचारलं, टीचर, मग येशूच्या डोक्यावर तेल कुणी ओतलं? आठ आठवड्यांत हा प्रश्न ना सरांनी काढला ना आम्ही १७ जणांनी. मी तिला यार्देनचं सांगितलं, त्याचा अभिषेक पवित्र आत्म्याने झाला, नासरेथच्या सभास्थानात त्याने स्वतःच यशयातलं ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, नाही, डोक्यावर. खरंखुरं.

मग मी बायबल उघडून मार्क १४ काढला. बेथानीत, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी, तो जेवायला बसलेला असताना एक बाई अलाबास्त्र कुपी घेऊन येते, शुद्ध जटामांसीचं तेल, ३०० दिनारांहून जास्त किमतीचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, कुपी फोडते आणि त्याच्या मस्तकावर ओतते. मार्क तिचं नाव देत नाही. बसलेले लोक चिडतात, नासाडी म्हणतात, आणि येशू म्हणतो, तिने माझ्या शरीराला पुरण्याच्या आधीच तेल लावलंय. पेत्राला जे ऐकवत नव्हतं, की अभिषिक्त मरणार आहे, ते त्या बाईने काही न बोलता त्याच्या डोक्यावर ओतलं. मी हे सगळं कोर्सवाल्यांना ईमेलने कळवलंय. पुढच्या बॅचच्या तिसऱ्या आठवड्यात घेतो असं त्यांचं उत्तर आलंय, आणि त्याच ईमेलला दुरुस्त केलेलं दुसऱ्या आठवड्याचं वर्कबुक जोडलेलं होतं.